500 वॅटची ड्रिल मशीन घरी घ्यावी का? वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

मशीन चांगली आहे, तिच्याबरोबर किटमध्ये येणारी टूल्सची पेटी बोगस आहे. एवढंच हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. बाकीच्यांसाठी जरा सविस्तर लिहिते, कारण घ्यायच्या आधी मी रिव्ह्यू शोधत होते तेव्हा एक तर "नाईस प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी" नाहीतर कुणीतरी दादा लाकडाच्या फळीला भोक पाडून दाखवतोय, आता मुंबईत कुणाच्या घराच्या भिंती लाकडाच्या आहेत सांगा. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण असल्या किटच्या पेट्या ऑनलाइन चार-पाच वेगवेगळ्या नावांनी दिसतात आणि फोटो बघितले तर आतला माल सेम टू सेम.

मी विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, म्हाडाची जुनी बिल्डिंग, घरात मी आणि दोन पोरं, मोठी आठवीत, धाकटा तिसरीत. चौथं माणूस नाही, ती स्टोरी या रिव्ह्यूत येत नाही. तर अशा घरात कायम काहीतरी भिंतीला लावायचं असतंच, पडद्याचा रॉड, किचनमधलं मसाल्याचं शेल्फ, टॉवेलचा रॉड, दप्तरांचे हुक, आणि ही कामं इतकी किरकोळ की सुताराला त्यात काडीचा इंटरेस्ट नसतो. फोन केला की "येतो ना ताई, उद्या", आणि तो उद्या कुठल्या आठवड्यातला ते त्यालाच माहीत. आलाच तर एका भोकाचे 50 रुपये, यायचे वेगळे, आणि पोरगी एकटी असताना अनोळखी माणूस घरात घ्यायचा नाही हा आमचा नियम असल्यामुळे मी हाफ डे टाकायचा. म्हणजे टॉवेल टांगायला माझी अर्धी रजा. शेवटी जो आला होता तो म्हणाला, रॉडची हाइट साहेबांना विचारून घ्या. पडदा मी ओढणार, हाइट साहेबांची.

असो. मशीन. किटसकट साधारण अडीच हजारांच्या आतबाहेर पडली. वायरवाली आहे, बॅटरीवाली नाही, आणि ते मी ठरवून घेतलं. बॅटरीवाली हलकी असते, स्क्रू पिळायला झकास, पण आपल्यासारखीनं दोन महिन्यांतून एकदा बाहेर काढायची म्हटलं की नेमकी त्याच वेळी ती चार्ज नसणार, आणि विटेच्या भिंतीत छोट्या बॅटरीवालीचा जीव जातो. 500 वॅट ऐकून घाबरायचं कारण नाही, दोन-सव्वादोन अँपिअर घेते, साध्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर आरामात चालते, गिझरचा मोठा पॉइंट लागत नाही. पिन दोनच आहेत, अर्थिंगची नाही, ते बघून मला धसका बसला होता पण बॉडीवर चौकोनात चौकोन अशी खूण असते ती बघा, ती असेल तर आत डबल इन्सुलेशन आहे, अर्थिंग लागत नाही.

वजन दीड किलोच्या पुढे आहे. हात दुखतो, खोटं कशाला बोलू. पण बाजूला एक जास्तीचं हँडल येतं, बरेच लोक ते पेटीतच ठेवतात, ते लावा म्हणजे लावाच, बिट (पुढची भोक पाडणारी सळी) अडकला की मशीन मनगटाला हिसका देते तेव्हा दुसरा हात त्या हँडलवर असला पाहिजे. बटण जेवढं दाबाल तेवढा स्पीड, हे फार कामाचं. आणि पुढे बिट धरणारा जो जबडा असतो, चक म्हणतात, त्याला चावी लावायची तीन भोकं असतात, तिन्हींत चावी फिरवून घट्ट करा, एकाच भोकातून पिळलं की बिट मध्येच सैल होतो. चावी वायरलाच दोऱ्यानं बांधून टाका, पोरांच्या घरात ती सुटी राहिली की संपलं.

आता खरा मुद्दा, भिंत. आमच्याकडे विटेची भिंत आहे, वरून प्लास्टर. त्यात ही मशीन मस्त चालते. हॅमरवर ठेवायची (म्हणजे फिरता फिरता ठोकेही मारते), 6 एमएमचा मेसनरी बिट, म्हणजे विटा-सिमेंटसाठीचा, भोकाच्या खाली चिकटपट्टीनं जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट तोंड उघडं ठेवून चिकटवायचं म्हणजे सगळी भुकटी त्यात पडते, नाहीतर पुढचे आठ दिवस भाजीत सिमेंट. आणि ती भुकटी बघत राहायची हं, तिच्यावरून सगळं कळतं. आधी पांढरी येते, ती पुट्टी. मग राखाडी, ते प्लास्टर. मग एकदम लाल व्हायला लागते, म्हणजे वीट लागली, आता प्लग (स्क्रू पकडून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) धरणार. प्लास्टर जेमतेम अर्धा इंच असतं, तेवढ्यातच थांबलात तर प्लग नुसत्या प्लास्टरवर लटकतो आणि शेल्फ डब्यांसकट खाली. लाल यायच्या ऐवजी राखाडीच येत राहिली आणि मशीन पुढे सरकेना तर समजायचं की काँक्रीटचा बीम किंवा कॉलम लागलाय, तिथे हट्ट करायचा नाही, जागा बदलायची. किती खोल जायचं त्यासाठी बिटवर रंगीत टेप गुंडाळा, टेप भिंतीला टेकली की बास.

प्लग दुकानात गिट्टी म्हणून मागा, 6 एमएमच्या भोकाला 6 एमएमची, त्यात 8 नंबरचा स्क्रू. लोखंडी स्क्रू घेऊ नका, स्टेनलेस स्टीलचे घ्या, दोन रुपये जास्त जातील पण आपल्याकडच्या दमट हवेत लोखंडी स्क्रू पहिल्याच पावसाळ्यात गंजतो आणि भिंतीवर तपकिरी ओघळ येतात ते कितीही घासा जात नाहीत.

नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी मात्र वरचं जसंच्या तसं घेऊ नका. मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये मशीन नेली होती, तिच्याकडे ते पांढरे हलके ब्लॉक आहेत, सिपोरेक्सवाले, त्यात हॅमर लावला की भोक मोठं होत जातं आणि गिट्टी गोल गोल फिरते, धरतच नाही. तिथे हॅमर बंद करायचा, साधं फिरवायचं, आणि त्या ब्लॉकसाठीचे लांब नायलॉनचे प्लग वेगळे मिळतात ते वापरायचे.

टाइल्सला पण हॅमर बंद. बाणाच्या टोकासारखा काचेचा-टाइलचा बिट मिळतो, टाइलवर टेप चिकटवून तिच्यावर खूण करायची म्हणजे बिट घसरत नाही, एकदम हळू सुरू करायचं, मध्ये मध्ये पाणी शिंपडून बिट गार करायचा (पाणी बिटवर, मशीनवर नाही बाई). कडेला भोक पाडू नका, टाइल तडकते. आणि नळाच्या बरोबर वरच्या किंवा खालच्या रेषेत कधीच नाही, आतून पाइप गेलेला असतो. तसंच स्विचबोर्डचं, कन्सील्ड, म्हणजे भिंतीच्या आतून वायरिंग असेल तर बोर्डाच्या सरळ वर-खाली आणि सरळ आडवं सोडून द्यायचं. आमच्याकडे जुनी पट्टीवाली वायरिंग आहे, दिसायला भिकार, पण ड्रिल मारताना वायर कुठे आहे ते डोळ्यांना दिसतं हे सुख.

मशीन हरली कुठे तर स्लॅबला. पावसाळ्यासाठी ते दोरीनं वर-खाली होणारं कपडे वाळवायचं सिलिंग हँगर लावायचं होतं, दोन पोरांचे युनिफॉर्म जून ते सप्टेंबर वाळवून दाखवावेत कुणीतरी. स्टुलावर उभं राहून डोक्याच्या वर दीड किलो धरायची आणि वर जोर लावायचा, बिट थोडासा आत गेला आणि मग नुसता शीळ घालत बसला. यात मशीनचा दोष नाही. ही इम्पॅक्ट ड्रिल आहे, तिच्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून थरथर करतात, मागून जोर आपल्याच खांद्याचा. काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो, त्यात आत पिस्टन असतो आणि तोच ठोके मारतो. त्यामुळे त्या कामाला हॅमरवाला माणूस बोलावला, चहा होईपर्यंत भोकं पाडून मोकळा झाला. पैसे दिले, वाईट वाटलं नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये जिथे सिलिंगचे पोपडे निघतायत, आतली सळी गंजून फुगलीये, तिथे तर हातच लावू नका, आधी रिपेअर.

आता पेटी. बॉक्सवर शंभरच्या वर पीस लिहिलेत आणि त्यात स्क्रू आणि गिट्ट्या एकेक करून मोजल्यात. नुसती मशीन तेव्हा स्टॉकमध्ये नव्हती म्हणून किट घ्यावं लागलं. हातोडीचं डोकं हलतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकांच्या धारा पहिल्या घट्ट स्क्रूलाच गुळगुळीत. मेसनरी बिटचं टोक, जिथे कार्बाइडचा कडक तुकडा बसवलेला असतो, तो तुकडाच विटेत राहिला आणि हातात नुसती सळई. लेव्हल बघायची ती बुडबुडावाली पट्टी तेवढी बरी आहे, धाकट्यानं ती ढापलीये, घरातल्या सगळ्या फोटोफ्रेम वाकड्या आहेत हे तो आल्यागेल्याला सांगतो.

म्हणून माझं मत, मशीन साधी घ्या आणि वाचलेले पैसे बिटांत घाला. मी शनिवारी स्लो लोकलनं मस्जिदला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेले, तिथे रस्ताभर टूल्सचीच दुकानं. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो. दुकानदार आधी म्हणाले "मॅडम, घरातल्या जेंट्सना पाठवा", मी म्हटलं 6 आणि 8 चे मेसनरी दाखवा, कार्बाइड टिपचे, आणि एक टाइलचा, मग गुपचूप तीन वेगवेगळ्या क्वालिटी काउंटरवर आल्या. मधली घेतली. तो 6 चा बिट अजून चालू आहे.

आवाजाबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. भयंकर आहे. भिंतीला लावली की वर-खाली दोन्ही मजल्यांवर ऐकू जातं. आमच्या सोसायटीत दुपारी 2 ते 4 ठोकाठोक बंद आणि रविवारी पूर्ण बंद, म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईला शनिवार सकाळ काय ती उरते, आणि तेव्हा पोरांचे क्लास. त्यामुळे मी सगळ्या भोकांच्या खुणा पेन्सिलनं आधीच करून ठेवते आणि भोकं एका दमात पाडते, स्क्रू वगैरे रात्री हातानं, त्याला आवाज नसतो. खालच्या काकूंना आधी सांगून येते, लहान नातू झोपतो त्यांचा.

मशीन हातात घेताना ओढणी काढून ठेवायची, केस वर बांधायचे, बांगड्या नकोत, आणि कापडी हातमोजे तर मुळीच नकोत, फिरत्या बिटमध्ये अडकतात. डोळ्याला गॉगल, शंभरेक रुपयांत मिळतो. धाकटा दुसऱ्या खोलीत. मोठीला मी भोक पाडू देत नाही पण हॅमर बंद करून हळू स्पीडला स्क्रू बसवायला देते, तिच्या पिनबोर्डचे स्क्रू तिचेच. धाकट्यानं दप्तराचा हुक स्वतःच्या खांद्याएवढ्या उंचीवर मागून घेतला, सुतार असता तर मोठ्या माणसाच्या उंचीवर लावून गेला असता. दप्तर रोज हुकला लागतं असं मी म्हणणार नाही, पण सोफ्यावर कमी असतं.

काही दिवसांनी मागच्या जाळीतून थोड्या ठिणग्या दिसायला लागतील. थोड्या निळसर असतातच, त्या चालतात. जास्त व्हायला लागल्या, मशीन अडखळायला लागली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत, ते स्वस्तात बदलून मिळतात, लगेच मशीन मेली म्हणून भंगारात देऊ नका. बिल जपून ठेवा.

आणि एक, बिल्डिंगमध्ये कळलं की मशीन उसनी मागायला लोक येतात. आधी काकू, मग तिसऱ्या मजल्यावरचे एक काका, ज्यांच्याकडे म्हणे स्वतःची होती पण गावाला राहिली. मी मशीन देते, बिट देत नाही. बिट ज्याचा त्यानं आणायचा, आणि चावी वायरला बांधलेली आहे ती सोडायची नाही.