पेसर: ठाण्यात बसून अमेरिकेतल्या कोर्टाचा रोजनामा

ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात मी नकला विभागात नोकरी केली. कागद वेळेवर हातात न पडल्यामुळे पक्षकारांची कशी तगमग होते, ते तिथे रोज पाहिलं. म्हणून पेसर या सेवेबद्दल मनापासून लिहिते आहे. अमेरिकेतल्या फेडरल (म्हणजे केंद्रीय) कोर्टांचे कागद त्यावर घरबसल्या वाचता येतात.

भाचा तिथे फेडरल तुरुंगात आहे. २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याप्रमाणे तुरुंगातले सुधारणा कार्यक्रम पूर्ण केल्यावर मिळणारी शिक्षेतली सूट आपल्या हिशेबात धरली नाही, म्हणून त्याने वकिलाशिवाय, कलम २२४१ खाली हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैद बेकायदा असल्याचा अर्ज केला. तो फेटाळला गेला. तुरुंगातला फोन पंधरा मिनिटांत बंद होतो, त्यात कळव्याच्या ताईला एवढंच कळलं की केस गेली. घरात सुतक पडल्यासारखं झालं. त्यात इथल्याच एका सल्लागाराने अपिलाची मुदत ३० दिवसांची सांगून भरमसाट फी मागितली.

मी पेसरवर आदेश उघडला. न्यायाधीशांचे निर्णय तिथे फुकट वाचता येतात. अर्जाच्या गुणदोषांत कोर्ट गेलंच नव्हतं. आधी वॉर्डन, मग विभागीय कार्यालय, मग मुख्यालय, हे तक्रारीचे टप्पे पूर्ण झाले नव्हते, एवढंच कारण होतं. म्हणजे टप्पे पुरे करून नवा अर्जही करता येतो आणि अपीलही. समोर सरकारी अधिकारी असल्यामुळे अपिलाला ६० दिवस मिळतात. मूळ शिक्षेलाच आव्हान देणाऱ्या कलम २२५५ च्या अर्जानंतर अपिलाला आधी परवानगीचं प्रमाणपत्र लागतं, तसं २२४१ मध्ये फेडरल कैद्याला लागत नाही. ताईला हे समजावल्यावर ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

मग भाच्याने अपील केलं. मला सगळ्यात मोलाची वाटली ती त्या अपिलाच्या नोटिशीची पीडीएफ. शेवटच्या पानावर पाकिटाचं स्कॅन होतं: भाच्याचं तिरकं अक्षर, तिकीट, टपालाचा शिक्का. १९८८ च्या ह्यूस्टन विरुद्ध लॅक निकालापासून कैद्याने मुदतीत तुरुंगाच्या टपालात कागद दिला की तो दाखल झाला असं धरतात. ते पाकीट म्हणजे पुरावाच. कोर्टाने तो जपून ठेवलेला पाहून माझे डोळे भरून आले.

आता खर्च. पानाला १० सेंट, एका कागदपत्राला जास्तीत जास्त ३ डॉलर (साक्षीपुराव्याच्या प्रतिलेखाला ही मर्यादा नाही). तिमाहीचं बिल ३० डॉलरपर्यंत असेल तर माफ, त्यामुळे एका केसवर लक्ष ठेवणाऱ्या घराला बहुधा काही पडत नाही. मात्र शोधालाही पैसे लागतात, काही सापडलं नाही तरी. म्हणून आधी केस नंबर मिळवा. आपल्या कोर्टांचं ई-कोर्ट्स संकेतस्थळ पूर्ण फुकट आहे, ही गोष्ट मला इथे प्रकर्षाने जाणवली. कोर्टलिसनर या संकेतस्थळावर पेसरच्या कागदांचा रीकॅप नावाचा संग्रह आहे; त्यात तोच कागद आधी कुणी चढवलेला असेल तर तो विनामूल्य मिळतो, तिथे आधी बघा.

अपिलाची फी ६०५ डॉलर आहे, पण ऐपत नसलेल्या कैद्याला माफीचा अर्ज करता येतो. तो अर्ज दाखल झाला का, हे डॉकेटवर, म्हणजे केसच्या रोजनाम्यात, तपासत राहा. अपील कोर्टात केसला नवा नंबर पडतो, तोही लगेच लिहून ठेवा.