घोड्याचा हार्ट रेट मॉनिटर: वाटेवर उत्तम, व्हेट गेटवर स्टेथोस्कोपच बरा

दोन इलेक्ट्रोड, एक ट्रान्समीटर आणि स्वाराच्या मनगटावर घड्याळ, एवढाच याचा पसारा. पण ८० किंवा १६० किलोमीटरच्या एन्ड्युरन्स राइडमध्ये, म्हणजे घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, घोड्याचा दम कुठे चाललाय हे खोगिरावर बसून कळायला याच्यासारखं साधन नाही. जिद्दी घोडा अंगात त्राण नसलं तरी पुढच्या घोड्यामागे पळत राहतो, त्याच्या उत्साहावर विसंबून चालत नाही.

बसवताना एक इलेक्ट्रोड डाव्या बाजूला खोगिराच्या पुढच्या भागाखाली आणि दुसरा तंगाखाली (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा), पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे. दोन्ही जागचे केस पाण्याने किंवा जेलने मुळापर्यंत भिजवा. कोरड्या अंगावर, घाम फुटेपर्यंत आकडे वाट्टेल तसे उड्या मारतात. वायर खोगिराखाली दुमडून राहू देऊ नका. तासन्‌तास घासून तिथली कातडी सोलते आणि व्हेट गेटवर, म्हणजे वाटेतल्या पशुवैद्यकीय तपासणीच्या थांब्यावर, डॉक्टरांचा हात नेमका तिथेच जातो.

मोठा दोष दुपटीचा. घोड्याच्या ईसीजीतली टी-लहर (प्रत्येक ठोक्याच्या मुख्य लहरीमागून येणारी दुसरी लहर) बरीच ठळक असते, तिलाही यंत्र कधीकधी ठोका समजतं. घोडा कान सैल सोडून निवांत उभा आहे आणि घड्याळात ८० दिसतंय, तर खरा आकडा ४० असू शकतो. घाबरून थंड पाणी ओतायला धावण्याआधी स्टेथोस्कोप लावून पाहा.

खरा फायदा स्वतःच्या घोड्याच्या सवयीचे आकडे माहीत असतील तरच. नेहमीच्या चढावर, त्याच दुडकीत १२५ असणारा घोडा आज १४५ दाखवतोय आणि वेग कमी करूनही आकडा उतरत नाही, तर कुठेतरी दुखतंय, पाणी कमी पडलंय किंवा अंग तापलंय. बुजल्यामुळे चढलेला आकडा काही क्षणांत उतरतो, हा उतरत नाही. अशा वेळी खाली उतरा, पायात खडा अडकलाय का ते आधी बघा.

व्हेट गेटवर मर्यादा सहसा मिनिटाला ६४ ठोक्यांची असते. तिथे स्टेथोस्कोप डाव्या कोपरामागे लावून १५ सेकंद मोजा: १६ ठोके म्हणजे ६४. 'लब' आणि 'डप' मिळून एकच ठोका, नवखे इथेच चुकतात. एका ठोक्याची चूक चौपट होते, म्हणून काठावर असाल तर पूर्ण मिनिट मोजा. मग ४० मीटर जाऊन तेवढंच परत येईपर्यंत दुडकी, आणि दुडकी सुरू झाल्यापासून एका मिनिटाने पुन्हा मोजणी. दुसरा आकडा चार किंवा जास्त ठोक्यांनी वर गेला, तर पहिला ६४ च्या आत असूनही घोडा सावरलेला नाही. आतड्यांचे आवाज थांबलेत की हिरड्या सुकल्यात, हे तर कुठलंच घड्याळ सांगत नाही.

दोन्हींपैकी एकच घेणं जमत असेल तर आधी चांगला स्टेथोस्कोप घ्या. मॉनिटर घेतलात तर राइडनंतर इलेक्ट्रोड साध्या पाण्याने धुवा, घामातलं मीठ जोडण्या खाऊन टाकतं.