शनिवार-रविवार एकाच पानात कोंबणारी डायरी : अकरा महिने वापरून झाल्यावर

कॉफी रंगाचं रेक्झिनचं कव्हर, त्यावर सोनेरी २०२५, आत खुणेसाठी लाल रिबन. शाळेच्या वहीपेक्षा जरा लहान, पर्समध्ये डब्याशेजारी उभी राहते. छापील किंमत ३५० रुपये, मला १७५ ला पडली, कारण मी घेतली ३० जानेवारीला. ज्यांना पहिल्या महिन्याची कोरी पानं खटकत नाहीत त्यांनी जानेवारीच्या शेवटीच पुण्यात अप्पा बळवंत चौकात जावं. दुकानदारांना तोवर डायऱ्यांचा कंटाळा आलेला असतो. माझी जानेवारीची पानं लेकीने गणिताच्या रफ कामाला वापरली.

ही डायरी मी हौसेने घेतली नाही. साहेबांमुळे घेतली.

भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात मी अकाउंट्स बघते. आमचे सर चालता चालता कामं सांगतात. एका कानाला फोन, दुसऱ्या हाताने माझ्या टेबलाच्या काचेवर टकटक, "मॅडम, ते बघा जरा, लगेच," आणि पुढे. ‘ते’ म्हणजे काय हे पाच मिनिटांनी फोन करून विचारायचं. दोन दिवसांनी तेच काम उलटलं की, "मी असं म्हटलंच नव्हतं." व्हॉट्सॲपवर सांगितलेलं असलं तर तो मेसेज उडवलेला असतो. तिथे फक्त मेसेज डिलीट केल्याची करडी ओळ दिसते आणि मी वेड्यासारखी त्या ओळीकडे बघत बसते.

याचा त्रास ऑफिसात कमी, घरी जास्त व्हायचा. पोळ्या लाटताना मी मनातल्या मनात सरांशी भांडायचे. भांडणात मी जिंकायचेही, पण पोळी करपायची. सगळ्यात वाईट म्हणजे काही दिवसांनी माझाच माझ्यावरचा विश्वास उडायला लागला. खरंच म्हणाले होते का ते? की मीच ऐकलं चुकीचं?

आधी फोनमध्ये लिहून बघितलं. ऑफिसात फोन हातात दिसला की, "मॅडम, मोबाइल ठेवा." कंपनीच्या लॅपटॉपवर असलं काही लिहायचं नाही एवढी अक्कल होती, लॅपटॉप कंपनीचा, त्यातलं सगळं कंपनीचं. मग उरला कागद. डायरीत काही लिहिणारी बाई कामसू दिसते, तिला कोणी काही विचारत नाही.

आता वस्तूबद्दल. कागद बरा आहे, फार जाड नाही. जेल पेनने लिहिलं तर शाई मागच्या पानावर उमटते, साध्या बॉलपेनने नाही. शिलाई पक्की. लोणच्याचं तेल सांडूनही मे महिन्यातली पानं सुटली नाहीत, नुसती पारदर्शक झाली. पानाच्या डाव्या कडेला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अशा तासांच्या रेघा छापल्या आहेत. माझ्या कामाला याच सर्वात उपयोगी पडल्या, त्याबद्दल पुढे सांगते. रिबन मात्र एप्रिलमध्ये हातात आली. फेविकॉलने चिकटवली, पुन्हा आली, आता बसचं तिकीट घालते. सुरुवातीच्या दहा पानांत एसटीडी कोड, मैलाचे किलोमीटर, पासपोर्टचा नंबर लिहायची जागा. एसटीडी कोड आज कोण बघतं, देव जाणे. त्याऐवजी शेवटच्या तारखा, म्हणजे महिन्याच्या ७ ला टीडीएस (पेमेंटमधून कापलेला कर), ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी (ही जीएसटीची रिटर्न), १५ ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआय, एवढं छापलं असतं तर अकाउंट्सवाल्यांनी दुवा दिला असता. मी ते पहिल्या पानावर हाताने लिहिलं.

पण खरी तक्रार वेगळी. शनिवार-रविवार मिळून एकच पान, मध्ये एक रेघ. डायरी छापणाऱ्याला वाटतं सगळं जग शनिवारी दुपारी घरी जातं. आमच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे ज्या दोन दिवशी कारखाना पूर्ण चालू, त्यांना अर्धं अर्धं पान, आणि मी घरी मेथी निवडत असते त्या गुरुवारला अख्खं पान. आणि सरांचा शनिवार अर्ध्या पानात मावत नाही.

सुरुवातीला मी सगळंच एकत्र लिहायचे. सर काय म्हणाले, मला कसं वाटलं, त्यांना देव बघून घेईल, वगैरे. आठवड्याने वाचलं तर त्यात नेमकं काय घडलं तेच सापडेना, नुसता राग. मग ठरवलं की कामाच्या दिवशी फक्त तीन गोष्टी लिहायच्या. वेळ, त्या तासाच्या रेघेवर. त्यांचे शब्द, जसेच्या तसे, माझा मसाला न लावता. आणि जवळ कोण होतं ते. मला काय वाटलं हे गुरुवारच्या पानावर. नाहीतरी ते रिकामंच होतं.

यातला एक नमुना दाखवते. शनिवार, २९ मार्च. अर्धं पान असल्यामुळे अक्षर मुंगीएवढं आहे : "५.१०. ‘बिल काढून ठेवा, गाडी रात्री लागेल.’ केबिनच्या दारात. स्टोअरचे काका."

वर्षअखेर होती, मार्चमध्ये विक्री दाखवायची होती. मी ५.४० ला ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, काढला. रात्री गाडी लागलीच नाही, मालाचं इन्स्पेक्शन बाकी होतं. दुसऱ्या दिवशी रविवारी गुढीपाडवा, कारखाना बंद. ई-इनव्हॉइस पोर्टलवर रद्द करायचा तर २४ तासांत, म्हणजे पाडव्याच्या संध्याकाळी ५.४० पर्यंत. तेव्हा मी श्रीखंड खाऊन झोपले होते, मला कोणी कळवलंच नव्हतं की गाडी आली नाही. सोमवारी ३१ तारखेला सर टेबलाशी उभे. "कुणाला विचारून बिल काढलं? मी म्हटलं होतं गाडी लागल्यावर काढा." आता रद्द होत नाही, क्रेडिट नोट करावी लागणार, आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी विक्रीच्या आकड्यातून ते बिल वजा होणार.

दोन महिने मी ज्या क्षणाची वाट बघत होते तो हा होता. मी डायरी उघडली, त्यांच्यासमोर ठेवली आणि बोट ठेवलं.

हे करू नका. या डायरीचा याहून वाईट वापर नाही. त्यांनी वाचलं, काकांकडे बघितलं, काका गॅसकेटचे बॉक्स मोजायला लागले. मग सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्यावर वही ठेवता." त्यांचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. पुढचे अठरा दिवस ते माझ्याशी थेट बोलले नाहीत. कामं ज्युनिअर मुलाकरवी यायची, तीही अर्धवट. मी खरी होते, आणि माझं काहीही भलं झालं नाही.

त्या अठरा दिवसांत झोप गेली. एका रात्री अकराला १४४१६ लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी साहेबांबद्दल नंतर विचारलं, आधी जेवण किती वाजता, झोप किती वाजता. मी म्हटलं, रात्री डायरी वाचत पडते. हे तोंडातून निघालं आणि माझं मलाच ऐकू आलं. तेव्हापासून डायरी उशाशी नाही. बूट ठेवतो त्या कपाटात वरच्या फळीवर पर्स, पर्समध्ये डायरी. तो नंबर एसटीडी कोडच्या पानावर ठळक लिहिलाय, त्या पानाचा तेवढा उपयोग झाला.

मेपासून पद्धत बदलली. सर सांगून गेले की मी आधी डायरीत टिपते, शब्द ताजे असतात. मग त्यावरून दहा मिनिटांत दोन ओळींचा मेल. "आपण सांगितल्याप्रमाणे अमुक पार्टीचं बिल काढत आहे. गाडी रात्री लागणार आहे असं धरलं आहे. बदल असल्यास कळवावे." ‘आपण म्हणाला होतात’ असं कधीही नाही, त्यात वकिली येते. नेहमी पुढच्या कामाबद्दल, मागच्या भांडणाबद्दल नाही. पहिल्या आठवड्यात सर वैतागले, "एवढ्याशा गोष्टीला मेल कशाला?" मी म्हटलं, "सर, माझ्या लक्षात राहत नाही." हे उत्तर मला आजही थोडं बोचतं, कारण माझ्या लक्षात सगळं राहतं. पण त्याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मेलला ते उत्तर देत नाहीत. बदल असला की मात्र फोन येतो, आणि तो वेळेत येतो, हे महत्त्वाचं. बिल रद्द करायचं तर त्याच दिवशी कळतं.

गुरुवारच्या पानांनी दोन गोष्टी दाखवल्या, ज्या मी शोधत नव्हते.

एक. सरांचे मोठे आवाज बहुतेक सोमवारी दुपारी. मी मागची पानं उलटून मोजले. फेब्रुवारी ते मे, चौदा वेळा चांगलंच वाजलं होतं, त्यातले नऊ सोमवार, सगळे साडेबारानंतरच्या रेघांवर. सोमवारी अकराला मालकांचा कॉल असतो, वसुलीचा हिशोब द्यावा लागतो. तिकडे जे ऐकावं लागतं ते घेऊन सर केबिनबाहेर येतात. हे कळल्यावर मला त्यांची दया वगैरे आली नाही. मी फक्त येणेबाकीची यादी, कुणाचे साठ दिवस झाले, कुणाचे नव्वद, अशी सोमवारी सव्वादहालाच त्यांच्या टेबलावर ठेवायला लागले. आणि सह्या, रजेचे अर्ज, जे काही मागायचं ते बुधवारी. दुसऱ्या दिवशी सुट्टी असते, बुधवारी संध्याकाळी सर चहा पाजतात.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही, विचार करत होते. ७ ऑगस्ट गुरुवारी आला. टीडीएस भरायची शेवटची तारीख आणि आमची सुट्टी. भरला गेला शुक्रवारी. उशिराचं व्याज महिन्याला दीड टक्का, तेही कापल्याच्या तारखेपासून आणि महिन्याचा तुकडा म्हणजे पूर्ण महिना, म्हणून जुलै आणि ऑगस्ट धरून तीन टक्के बसले. शुक्रवारी सर सगळ्यांदेखत बोलले, "मॅडम, तुमचं लक्ष कुठे असतं?" मी घरी येऊन पुन्हा पोळी करपवली. आदल्या दिवशी एका शब्दाने आठवण केली असती तर? १४ च्या गुरुवारी पानं मागे उलटली. सोमवार ४ ऑगस्ट, १२.४०, माझं अक्षर : "‘टीडीएस बुधवारीच भरून टाका, गुरुवार आहे.’ काचेवर टकटक."

म्हणाले होते. मीच लिहून ठेवलं होतं. वर ‘काचेवर टकटक’ हेसुद्धा टिपलं होतं, बहुधा त्या टकटकीच्याच रागात बाकीचं डोक्यात शिरलं नाही. त्या दिवशी गुरुवारचं पान मी कोरं ठेवलं. शुक्रवारी जाऊन म्हटलं, "सर, सोमवारी सांगितलं होतंत, माझ्याकडून राहिलं." ते म्हणाले, "हं." सरांकडून हे बरंच आहे.

घेणाऱ्यांसाठी चार शब्द. डायरीत पार्टीचे रेट, कुणाचे पगार, पासवर्ड असलं काही लिहू नका, पर्स कुठेही विसरते. कुणाबद्दलही शिवी नको, एकदा उघडी राहिली तर त्या शिवीपुढे बाकीची अकरा महिन्यांची पानं कोणी वाचणार नाही. आणि माणूस हात उगारणारा किंवा घाणेरडं बोलणारा असेल तर या १७५ रुपयांच्या वस्तूवर विसंबू नका, तिथे लेखी तक्रारच लागते, त्या दिवशी मात्र या तारखा-वेळा कामाला येतील. माझ्याकडून डायरीला पाचपैकी साडेतीन. अर्धा रिबनचा कापला, एक शनिवार-रविवारचा.

नोव्हेंबरमध्ये एका सप्लायरशी सरांचं वाजलं, पेमेंट ३० दिवसांत ठरलं होतं की ४५. फोन हाताने झाकून सर माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा तुमच्या वहीत बघा ना, मी त्यांना काय सांगितलं होतं?" मी बघितलं. ४५ म्हणाले होते. तसं सांगितलं. सर फोनवर म्हणाले, "मी ४५ च म्हटलंय, माझ्याकडे लिहिलेलं आहे."

माझ्याकडे.

गेल्या गुरुवारी मेट्रोने मंडईला उतरून पुन्हा अप्पा बळवंत चौकात गेले. या वेळी डिसेंबरातच, पूर्ण किमतीला, कारण जानेवारी कोरा ठेवायचा नव्हता. दुकानदाराला म्हटलं, शनिवार आणि रविवारला पूर्ण पान असलेली दाखवा. त्याने तीन फळ्या बघितल्या, शिडीवर चढून वरचा खोका काढला, चार डायऱ्या उलटून पाहिल्या, सगळीकडे तीच मधली रेघ.

"ताई," तो शिडीवरूनच म्हणाला, "रविवारी कोण काय लिहितं?"