एकटा जीव, दोन बोटी: अलास्का की नॉर्वे?

आमच्या सकाळच्या कट्ट्यावरच्या एका मित्राने परवा विचारलं, "आयुष्यात एकदा मोठ्या बोटीवर जायचंय. एकटाच जाणार, पैसे एकाच फेरीचे आहेत. अलास्का की नॉर्वे?" मी दोन्ही केल्या आहेत. अलास्का जून २०१९ मध्ये, नॉर्वे ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि दोन्ही वेळा एकटा. बायको आहे, चांगली ठणठणीत आहे, पण तिला बोट लागते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जातानासुद्धा ती डोळे मिटून बसते. त्यामुळे "तू जा, मला फोटो दाखव" असा आमच्यात तह झालेला आहे.

खरं तर या दोघींना एका तागडीत घालणं थोडं अन्यायाचंच. अलास्काची बोट म्हणजे तीन-चार हजार माणसांचं तरंगतं हॉटेल. सिॲटल किंवा व्हँकुव्हरहून निघायचं, सात रात्री, तीन-चार बंदरं, एक दिवस हिमनदीसमोर. नॉर्वेची किनारी बोट म्हणजे समुद्रातली एसटी. बर्गनला सुटते, ३४ बंदरं घेत रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसला पोचते आणि तशीच मागे फिरते. जाऊन-येऊन १२ दिवस. ही सेवा १८९३ पासून चालू आहे. २०२१ च्या आधी काही वर्षं ती एकट्या हुर्टिग्रुटेन कंपनीची होती, २०२१ पासून हाविला ही दुसरी कंपनीही त्याच मार्गावर आहे. आणि नावावरून फसू नका: 'नॉर्वेजियन क्रूझ लाइन' ही मायामीची कंपनी आहे, तिच्या बोटी अलास्कालाही जातात, आणि या किनारी बोटींशी तिचा संबंध नाही. आमच्या नात्यातले एक जण हे तिकीट काढायच्या बेतात होते, ते आपण नॉर्वेला चाललोय अशा समजुतीत.

अलास्काबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते बोललंच पाहिजे. ग्लेशियर बेचा दिवस मी विसरणार नाही. १७९४ मध्ये कप्तान जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं तिथे आली, तेव्हा ही खाडी जवळजवळ तोंडापर्यंत बर्फाने भरलेली होती. आज त्याच वाटेने बोट शंभर किलोमीटर आत जाते. बर्फ एवढा मागे हटलाय. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन शिडीने वर चढतात आणि दिवसभर माइकवरून माहिती सांगतात. मार्जरी हिमनदीसमोर आमची बोट तासभर जवळपास जागच्या जागी उभी होती. निळसर कडा तुटताना आधी दिसतो. आवाज मागून येतो, लांबवर सुरुंग लावल्यासारखा. चार हजार माणसं असलेली बोट त्या तासात देवळासारखी गप्प होती. नॉर्वेत मला असं काही मिळालं नाही. मात्र उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या बोटींना परवानगी असते, त्यामुळे अलास्काची प्रत्येक फेरी तिथे जात नाही. तिकिटावर 'ग्लेशियर बे' असं स्वच्छ लिहिलेलं आहे की नुसतं 'हिमनदीदर्शन', एवढं नक्की बघा.

आता माझी तक्रार. बोटीच्या धंद्यात हिशोब माणशी होत नाही, जोडीवर होतो. जाहिरातीतला भाव 'प्रत्येकी' असतो, पण केबिनमध्ये दोघं आहेत असं धरून. एकटा गेलात तर दुसऱ्याचंही भाडं तुमच्याच डोक्यावर. मी जवळपास दुप्पट मोजले. ते मला आधीच माहीत होतं, म्हणून त्याचं फार वाईट वाटलं नाही. माहीत नव्हतं ते हे, की पैसे भरल्यावरही तो दुसरा माणूस पाठ सोडत नाही.

रोज संध्याकाळी जेवणघराच्या दारात प्रश्न यायचा, "किती जण, सर?" मी म्हणायचो, "एक." "फक्त एक?" मग मला दोघांच्या टेबलाशी बसवायचे, आणि वाढपी समोरची दुसरी ताटली, पेला, काटे-चमचे, पंख्यासारखी घडी घातलेला नॅपकिन एकेक करून उचलून न्यायचा. अगदी अदबीने. ती अदबच नको व्हायची. तिसऱ्या रात्री तिथल्या बाईंनी विचारलं, मॅडम येत नाहीत का? मी माझ्या बँकेतल्या इंग्रजीत सांगितलं की ती आता बोटीवर येत नाही. त्या वाक्यात 'एनी मोअर' होतं. बाईंनी फक्त 'नो मोअर' ऐकलं असावं, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने न मागता चॉकलेटचा केक आला. रात्री फोनवर घरी सांगितलं, तर पलीकडून, "म्हणजे माझ्या नावाने जेवलास तू!"

हसलो खरे, पण दुसऱ्याच दिवशी केचिकन बंदरात पाण्यावरून उडणाऱ्या छोट्या विमानाच्या काउंटरवर पुन्हा तेच. किमान दोन प्रवासी हवेत. आणखी कुणी एकटं आलं तर बघू, तोवर थांबा. केचिकनचा पाऊस आपल्या आंबोलीची आठवण करून देतो. त्या पावसात पाऊण तास थांबलो, कुणी आलं नाही, मग तिथल्या आदिवासींचे कोरीव टोटेमचे खांब बघून परत आलो. गोष्ट लहानच. पण सात दिवसांत ती इतक्या रूपांत आली की परतताना हिमनदीइतकाच तो उचललेला नॅपकिनही लक्षात राहिला.

यात थोडी माझीही चूक होती. मोठ्या टेबलावर इतरांबरोबर बसवा असं सांगितलं तर बहुतेक बोटींवर बसवतात. मला ते शेवटच्या दोन दिवसांत कळलं. काही बोटींवर एकट्यांसाठी वेगळ्या केबिनही असतात. 'नॉर्वेजियन एपिक' या बोटीवर २०१० मध्ये एकट्यांसाठी छोट्या केबिन आणि त्यांच्यापुरती बसायची खोली केली, आणि पुढे इतरांनीही ते उचललं. पण अशा केबिन मोजक्या असतात आणि लवकर जातात. अलास्काच करणार असाल तर तारीख नंतर ठरवा, आधी अशी केबिन शोधा. आणि हो, माझी केबिन सांभाळणारा मुलगा मडगावचा होता. पहिल्या दिवशी त्यानेही "एकलोच?" असं विचारलं होतं. पण कोकणीतून विचारलं, म्हणून असेल कदाचित, त्याचा राग आला नाही.

नॉर्वेला बर्गनच्या धक्क्यावर रांगेत उभा होतो. माझ्यापुढे हत्यारांची पेटी घेतलेला एक माणूस होता, त्याला ओलेसुंदला जायचं होतं. माझी पाळी आली. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "कुठपर्यंत?"

मी क्षणभर बघतच राहिलो. किती जण नाही, कुठपर्यंत! हा तर आपल्या कंडक्टरचा प्रश्न.

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला, हे कबूल करतो. पुढच्या १२ दिवसांत त्या बोटीवर मला कुणी एकटा म्हणून वेगळं काढलं नाही, कारण निम्मी बोट एकट्यांचीच होती. हम्मरफेस्टच्या इस्पितळात कामाला निघालेली नर्स, सुट्टीला घरी चाललेला विद्यार्थी, दोन बंदरांपुरती चढलेली आजी. जेवायला माझी जागा दोन एकट्यांबरोबर ठरवून दिली होती: एक निवृत्त जर्मन शिक्षिका आणि एक डच शेतकरी. पहिले दोन दिवस आम्ही तिघंही खिडकीबाहेर बघत जेवलो. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. एकट्याचं जादा भाडं तिथेही होतं, पण माझ्या तारखांना ते अलास्काच्या मानाने बरंच कमी पडलं. ऐन उन्हाळ्यात तसं असेलच असं नाही.

यात माझा पक्षपात आहे, तोही सांगून टाकतो. लहानपणी मी आजीबरोबर भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटीने विजयदुर्गला जायचो. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी. बोट बाहेर उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं, ट्रंका, कोंबड्या उतरवून न्यायचे. नॉर्वेत पडाव नाहीत. बोट थेट धक्क्याला लागते, कुशीतलं दार उघडतं आणि फोर्कलिफ्ट आत-बाहेर करू लागते: माशांचे खोके, टायर, एकदा तर अख्खा सोफा. डोंगरांत घुसलेल्या तिथल्या खाड्यांपेक्षा, म्हणजे फ्योर्डपेक्षा, मी ती फोर्कलिफ्टच जास्त बघितली असेन. १८९३ पूर्वी त्रोंदहाइमहून हम्मरफेस्टला पत्र पोचायला हिवाळ्यात पाच-पाच महिने लागायचे म्हणतात. त्या अंधाऱ्या, खडकाळ किनाऱ्याने रात्रीची बोट न्यायला कुणी तयार नव्हतं. रिशार्ड विथ या कप्तानाने कंपास, घड्याळ आणि वर्षानुवर्षं लिहून ठेवलेल्या नोंदींच्या जोरावर ते मान्य केलं. त्याच्या स्टोकमार्कनेस गावी आज एक जुनी बोट अख्खीच्या अख्खी काचेच्या इमारतीत ठेवली आहे. आमची बोट तिथे थांबली तेव्हा काचेतून तिचं नाक दिसत होतं.

आणखी काही गमती आहेत. चौथ्या दिवशी आर्क्टिक वृत्त ओलांडलं की तुमच्या मानेत पळीभर बर्फ ओततात. परतताना तेच वृत्त ओलांडलं की चमचाभर कॉड लिव्हर ऑइल. आमच्या पिढीने ते नाक दाबून प्यायलेलं असल्यामुळे मी न चेहरा वाकडा करता घेतलं; जर्मन बाईंनी टाळ्या वाजवल्या. आकाशातला उत्तरेचा प्रकाश, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स, तीन रात्री दिसला. केबिनमधला स्पीकर चालू ठेवला तर रात्री घोषणा होते, मग सगळे स्लिपर घालून डेकवर धावतात. तो फोटोत दिसतो तेवढा हिरवा नसतो, हे आधीच सांगतो. मला तर बहुतेक वेळ राखाडीच दिसला, हलणाऱ्या धुरासारखा. तरी पाय निघत नव्हता.

आता उणीदुणी. मनोरंजन शून्य: ना नाटक, ना कसिनो, ना तरणतलावाभोवतीची धमाल. माझी केबिन माल चढवायच्या दाराच्या वर होती, त्यामुळे रात्री दोनला बंदर आलं की पलंगाखाली लोखंड घासल्याचा आवाज. घेताना वरच्या डेकवरची, दारापासून लांबची घ्या. बरीचशी बंदरं पंधरा-वीस मिनिटांची. बोट कुणासाठी थांबत नाही. किनाऱ्याच्या आडोशाने जाते म्हणतात ते खरं, पण हुस्ताविका आणि बारेंट्स समुद्रात आडोसा नाही. 'मला बोट लागत नाही' हे वाक्य मी आता पूर्वीइतकं छाती काढून म्हणत नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, या किनारी बोटींवर सहसा डॉक्टर नसतो. गरज पडली तर पुढच्या बंदरात उतरवतात. मोठ्या बोटीवर छोटं इस्पितळच असतं. ज्यांचं हृदयाचं किंवा साखरेचं दुखणं नाजूक आहे, त्यांनी या एका मुद्द्यावर अलास्का निवडली तर मी वाद घालणार नाही.

जेवणाचंही तसंच. मी कोकणातला, मासा असला की माझं भागतं. कॉड, सालमन, बटाटा, आणि सकाळी तो गोडसर तपकिरी चीज. कट्टर शाकाहारी माणसाची सोय होते, पण मजा होत नाही. अलास्काच्या बोटीवर हेड वेटरला आदल्या दिवशी सांगितलं की डाळ, भात, पनीर हजर.

व्हिसाचं थोडक्यात: नॉर्वेला युरोपचा शेंगेन व्हिसा पुरतो. अलास्काला अमेरिकेचा लागतोच, शिवाय कॅनडाचाही. सिॲटलहून निघून सिॲटललाच परतणाऱ्या परदेशी नोंदणीच्या बोटीला १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं, म्हणून ती एका संध्याकाळी काही तास कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकते. त्या काही तासांसाठी सगळं बाड पुन्हा भरायचं.

मुलाबाळांसोबत, नाहीतर चार मित्रांच्या घोळक्यात जाणाऱ्याला मी डोळे झाकून अलास्का सांगेन. एकट्याला, आणि त्यातही ज्याला खिडकीशी बसून बाहेर बघत राहायची सवय आहे त्याला, मी नॉर्वेकडे थोडा ढकलेन. शिवाय तिथे सगळी फेरी घ्यावी असंही नाही. एसटीसारखं या थांब्यापासून त्या थांब्यापर्यंत तिकीट मिळतं.

त्यातूनच एक बेत शिजतोय. परतीच्या वाटेवर स्टोकमार्कनेसहून दुपारी सुटलेली बोट राफ्टसुंदच्या अरुंद सामुद्रधुनीतून संध्याकाळी स्वोल्व्हेरला पोचते. दोन्ही बाजूंना डोंगर, पाणी बहुतेक शांत. मार्चमध्ये तेव्हा उजेडही असतो. हिला नकाशा दाखवला. चष्मा लावून तिने बोट फिरवत मधलं अंतर मोजलं आणि विचारलं, "किती वेळ?"

"तीन तास."

"उलटीची गोळी घेऊन?"

"घेऊन."

"बघू," म्हणाली.