प्रकाशप्रदूषणाचा नकाशा: अंधारी जागा शोधताना तो किती उपयोगी पडतो

खगोलछायाचित्रणासाठी नवी जागा शोधायची असेल, तर सुरुवात ‘लाइटपोल्यूशनमॅप डॉट इन्फो’ या संकेतस्थळापासून करावी, असे मी निःसंकोच सांगेन. नकाशावरच्या कोणत्याही ठिकाणी टिचकी मारली, की तिथल्या आकाशाच्या उजळपणाचा अंदाज, बोर्टल श्रेणी (आकाश किती काळे आहे याची 1 ते 9 अशी प्रतवारी, 1 म्हणजे सर्वांत काळे) आणि समुद्रसपाटीपासूनची उंची एका छोट्या चौकटीत दिसते. त्यांपैकी माझी नजर सर्वांत आधी जाते ती उजळपणाच्या आकड्याकडे. तो ‘दर चौरस आर्कसेकंदाला मॅग्निट्यूड’ या एककात, म्हणजे आकाशाच्या एका इवल्याशा तुकड्याची तेजस्विता ताऱ्यांच्या प्रतीत मोजून दिलेला असतो आणि जितका मोठा, तितके आकाश अधिक काळे. नैसर्गिक, निष्कलंक आकाशासाठी तो 22 च्या आसपास येतो. हे मापन लॉगरिदमिक, म्हणजे आकड्यातली प्रत्येक पायरी ठरावीक पटीचा फरक दाखवणारे, असल्यामुळे 19 आणि 21.5 यांतला फरक दिसायला किरकोळ असला, तरी प्रत्यक्षात पहिले आकाश दुसऱ्यापेक्षा दहा पट उजळ असते. अंधूक तेजोमेघाचे जे चित्र काळ्या आकाशाखाली एका तासाच्या एकूण एक्स्पोजरमध्ये (कॅमेऱ्याने प्रकाश टिपण्याच्या वेळेत) मिळते, त्याच दर्जासाठी उजळ आकाशाखाली सुमारे दहा तास खर्ची पडतात. जागेसाठी केलेला प्रवास वसूल होतो तो इथे.

बोर्टल श्रेणीवर मात्र मी फारसा विसंबत नाही. जॉन बोर्टल यांनी 2001 मध्ये मांडलेली ही नऊ पायऱ्यांची श्रेणी अनुभवी निरीक्षकाला नुसत्या डोळ्यांनी काय दिसते यावर बेतलेली आहे, आणि नकाशावर दिसणारी श्रेणी उजळपणाच्या आकड्यावरून काढलेली असते. श्रेणी 3 आणि श्रेणी 4 यांच्या सीमेवरच्या दोन जागांमध्ये निवड करायची झाल्यास मूळ आकडाच पाहावा.

आता नकाशाच्या मर्यादांविषयी, कारण निवड चुकते ती बहुधा त्या लक्षात न घेतल्यामुळे. उजळपणाचा अंदाज रात्रीच्या आकाशाच्या ज्या जागतिक अॅटलासवरून येतो, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातले आकडे फक्त खमध्याचे, म्हणजे थेट डोक्यावरच्या आकाशाचे आहेत. छायाचित्रकाराला हवे असलेले लक्ष्य मात्र अनेकदा क्षितिजालगत असते. उत्तरेकडच्या अक्षांशांवरून आकाशगंगेचे केंद्र टिपायचे असेल, तर धनु रास दक्षिणेला खालीच राहते, आणि त्याच दिशेला एखादे मोठे शहर असेल, तर डोक्यावर 21.5 असूनही छायाचित्राचा खालचा भाग पिवळट उजेडाने भरून जातो. म्हणून ठिकाणाच्या उजळपणा दाखवणाऱ्या रंगाइतकेच त्याच्या कोणत्या बाजूला काय आहे हेही नकाशावर पाहावे, आणि शहर आपल्या पाठीशी राहील अशी जागा निवडावी. खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांच्या निरीक्षणांवर आधारित ढोबळ नियमानुसार शहरापासूनचे अंतर दुप्पट केले, तर त्याच्या उजेडाचा परिणाम साधारण साडेपाच पटींनी कमी होतो. त्यामुळे शहराजवळून आणखी थोडे दूर जाण्याचा फायदा अपेक्षेपेक्षा बराच मोठा असतो.

ताजी स्थिती पाहण्यासाठी याच संकेतस्थळावर 2012 पासूनचे वर्षवार व्हीआयआयआरएस उपग्रह-थर आहेत; व्हीआयआयआरएस हा रात्री जमिनीवरचे दिवे टिपणारा उपग्रहावरचा संवेदक. मधल्या काळात एखादी खाण, कारखाना किंवा महामार्ग उभा राहिला आहे का, हे त्यांतून चटकन कळते आणि ही सोय मला फार मोलाची वाटते. तरीही हा संवेदक सुमारे 500 नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश टिपत नाही, तर पांढऱ्या एलईडी दिव्यांचा बराच उजेड नेमका त्याच पट्ट्यात असतो. शिवाय उपग्रह मध्यरात्रीनंतर, साधारण दीड वाजता वरून जातो, त्यामुळे संध्याकाळी लागून रात्री विझणारे दिवे नोंदवले जात नाहीत. सोडियमचे दिवे बदलून एलईडी लावलेले शहर नकाशावर पूर्वीपेक्षा फिकट दिसू शकते, मग तिथले आकाश सुधारलेले असो वा नसो.

वापरकर्त्यांनी स्काय क्वालिटी मीटरने (आकाशाचा उजळपणा मोजणाऱ्या हातातल्या छोट्या उपकरणाने) घेतलेल्या नोंदीही नकाशावर असतात. त्या जरूर पाहाव्यात, पण तारखेवरून त्या रात्री चंद्र होता का हे तपासून. आकाशगंगा डोक्यावर असतानाही मीटर थोडा उजळ आकडा दाखवतो.

नकाशावरून दोन-तीन जागा नक्की झाल्या, की अमावास्येच्या सुमारास निरभ्र रात्री तिथे जाऊन वाइड लेन्सने, सारख्याच आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) आणि एक्स्पोजरवर चारही दिशांचे एकेक छायाचित्र घ्यावे. अंतिम निवड त्या चार चित्रांतल्या क्षितिजावरून करावी, कारण पलीकडच्या टेकडीवरचा एकच उघडा फ्लडलाइट नकाशाच्या सुमारे पाऊण किलोमीटरच्या ठिपक्यात सहज हरवून जातो.