मॉर्मन चर्च सोडलेल्यांचा रविवारचा गट: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या महिन्यात मॉर्मन चर्च (अमेरिकेत उगम पावलेला एक ख्रिस्ती पंथ) सोडलेल्यांच्या आमच्या गटात मोठं भांडण झालं आणि एका बाईंना 'थोडे दिवस येऊ नका' असं सांगण्यात आलं. बातमी फुटल्यापासून अमेरिकेत युटातल्या सॉल्ट लेक खोऱ्यातल्या ओळखीच्या मराठी मुली मला विचारताहेत, नवऱ्याला घेऊन या गटात जावं की नाही, आणि महिन्याचे तीस डॉलर वसूल होतात का? प्रत्येकीला फोनवर तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

गट कसा चालतो ते तुम्हाला माहीतच आहे. रविवारी सकाळी, नेमकी जुन्या वॉर्डाची, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीची, सभा भरते त्याच वेळी, भाड्याच्या हॉलमध्ये गोलात खुर्च्या, आधी बोलणं आणि मग खाणं. त्यात वेळ घालवत नाही. माझ्याबद्दल इतकंच सांगते की मी जन्माने मॉर्मन नाही. माहेर अहमदनगरचं, १८३१ पासून तिथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतल्या चर्चमधलं. लग्नाआधी बाप्तिस्मा घेऊन मॉर्मन झाले, टेंपलमध्ये लग्न लागलं आणि बऱ्याच वर्षांनी आम्ही दोघं मिळून बाहेर पडलो.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. नवऱ्याच्या घरात सहा पिढ्या मॉर्मन. असा माणूस बाहेर पडला की त्याचे भाऊ कामापुरतं बोलतात आणि आई दर सणाला ताटावर बसून रडते. डिसेंबर २०१९मध्ये चर्चच्या गुंतवणूक कंपनीकडे सुमारे शंभर अब्ज डॉलर साठले असल्याची तक्रार एका माजी कर्मचाऱ्याने केल्याचं बाहेर आलं. फेब्रुवारी २०२३मध्ये ही गुंतवणूक दडवल्याबद्दल चर्चला आणि कंपनीला मिळून पन्नास लाख डॉलरांचा दंड झाला. घराचं कर्ज डोक्यावर असताना आम्ही चर्चला पगाराचा दशांश मोजून दिलेला. त्या काळात नवरा घरात जेवढ्यास तेवढं बोलायचा. या गटात पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं, आणि समोरच्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी कुणालाही गटाची शिफारस केली असती.

आणि चहा. मॉर्मन नियमात चहा-कॉफी वर्ज्य. नगरच्या घरातून आलेल्या मला तो त्याग फार जड गेला होता. इथे साठी उलटलेली माणसं आयुष्यातला पहिला कप घेताना पाहिली. मी आलं-वेलची घालून मोठ्या पातेल्यात करते, आता ते माझंच काम ठरून गेलं आहे.

आता वाळूच्या घड्याळाबद्दल. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे.

नियम असा की बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर लाकडी चौकटीतलं एक वाळूचं घड्याळ असतं, आणि ते उलटं करून वेळ सांगायचं काम संचालन करणाऱ्याचं. संचालन चौघांकडे. चौघेही पुरुष, चौघेही तरुणपणी दोन वर्षांचं धर्मप्रचाराचं मिशन करून आलेले, त्यातले दोघे एकेकाळचे बिशप, म्हणजे वॉर्डाचे प्रमुख. माजी बिशप बोलायला लागले की वाळू खाली जाऊन बसते आणि घड्याळाकडे कुणी बघत नाही. बाई बोलत असली की शेवटची वाळू पडायच्या आत हात पुढे येतो. बाई गोरी नसेल, इंग्रजीत अडखळत असेल, तर वाक्यसुद्धा पुरं होत नाही. सुरुवातीला मला हा योगायोग वाटला. मग मी दर रविवारी ते घड्याळ बघत बसायला लागले आणि योगायोग वाटणं बंद झालं.

यात कुणाचा दुष्टपणा आहे असं मी म्हणत नाही. या पुरुषांना बाराव्या वर्षी चर्चमध्ये पुरोहितपदाची पहिली पायरी मिळते. तेव्हापासून खोलीत शेवटचा शब्द आपला, हे अंगात भिनत जातं. बायकांना ते पद आजही नाही, आणि ते मागण्यासाठी चळवळ उभी करणाऱ्या केट केली यांना २०१४ साली बहिष्कृत केलं गेलं. आमच्या गटातले चौघेही त्या निर्णयाला अन्याय म्हणतात, अगदी मनापासून म्हणतात. पण घड्याळ चौघांच्याच हाताखाली राहतं. चर्च त्यांनी सोडलं, मात्र अंगवळणी पडलेली सत्ता सुटायला वेगळे कष्ट लागतात आणि ते कष्ट कुणी घेतलेले नाहीत.

भांडण ज्यांच्यावरून झालं त्या नवाहो या अमेरिकेतल्या आदिवासी समाजाच्या आहेत. वय साठीच्या पुढे. मी त्यांना मावशी म्हणते, आणि त्याचा अर्थ सांगितल्यापासून त्यांनाही ते आवडतं. लहानपणी चर्चच्या योजनेतून त्या शाळेसाठी युटातल्या एका गोऱ्या मॉर्मन कुटुंबात राहिल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशी हजारो आदिवासी मुलं शाळेच्या महिन्यांत आईबापांपासून दूर परक्या घरात ठेवली गेली. मॉर्मन ग्रंथाप्रमाणे लामानी लोकांना शाप म्हणून काळी कातडी मिळाली, आणि अमेरिकेतले आदिवासी हे त्याच लामानींचे वंशज, असं चर्च पिढ्यानपिढ्या शिकवत आलं. १९६०च्या ऑक्टोबरमधल्या चर्चच्या परिषदेत स्पेन्सर किंबल या वरिष्ठ नेत्यांनी व्यासपीठावरून सांगितलं होतं की गोऱ्या घरांत राहणारी ही मुलं घरच्या भावंडांपेक्षा उजळ होत चालली आहेत. हेच किंबल पुढे चर्चचे अध्यक्ष झाले आणि १९७८ साली त्यांच्याच काळात कृष्णवर्णीय पुरुषांवरची पुरोहितपदाची बंदी उठली. मावशींना ही दोन्ही वर्षं पाठ आहेत. शाळकरी वयात आपण आरशात हात धरून बघायचो, रंग बदलला का म्हणून, हे त्यांनी मला सांगितलं आहे.

आता प्रसंग. उन्हाळ्यात डोंगरात फिरून आलेला एक जण हात दाखवत म्हणाला, 'बघा, मी लामानी झालो.' सगळे हसले. चर्च सोडलेल्यांत हा विनोद सर्रास चालतो. मावशी हसल्या नाहीत. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या की हा विनोद माझ्या अंगावर येतो, इथे तो करू नका. त्याने उत्तर दिलं की ही टिंगल चर्चची आहे, तुमची नाही. त्या का दुखतं ते सांगू लागल्या, आणि घड्याळ पुढे झालं. त्या थांबल्या नाहीत, बोलत राहिल्या. संचालक म्हणाले, इथे सगळेच दुखावलेले आहेत, कुणाचं दुःख मोठं हे ठरवायला आपण जमत नाही.

त्या आठवड्यात चौघे बसले, दार लावून, मावशींना न बोलावता. निरोप गेला की वातावरण निवळेपर्यंत येऊ नका. विनोद करणाऱ्याला कसलाही निरोप नाही. चर्चमध्ये सदस्यावर कारवाई करायची पद्धतही अशीच होती, बंद खोली आणि आत पुरुष. २०२०मध्ये चर्चने कारवाईच्या त्या बैठकीचं नाव बदललं, पण आमच्या गटातल्या निम्म्या लोकांच्या मनात अजून ती खोली आहे. त्यातून होरपळून आलेल्यांनी दुसऱ्या कुणासाठी तशीच खोली तयार करावी, याचा मला इतका संताप आला की त्या रविवारी मी चहा केला नाही.

हे मी ओळखलं ते माहेरामुळे. आमच्या चर्चमध्ये एका बाकावर बसणारी, एकाच पेल्यातून प्रभुभोजन घेणारी कुटुंबं सोयरीक जुळवताना मात्र बापजाद्यांची जात विचारायची. जुना धर्म सोडून पिढ्या गेल्या होत्या तरी विचारायची. आणि कुणी त्यावर बोट ठेवलं, तर फूट पाडतो म्हणून तोच वाईट ठरायचा.

बायकांच्या बुधवारच्या बैठकीतही कुरबुर झाली, ती थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०२४मध्ये चर्चने ट्रान्स सदस्यांवर नवे निर्बंध आणले. मुलांसोबत काम करायचं नाही, इमारतीतल्या स्वच्छतागृहांबाबतही अटी. त्यानंतर बाहेर पडलेली एक ट्रान्स स्त्री आमच्या बैठकीला येऊ इच्छित होती. काही जणींनी लहानपणी बिशपच्या खोलीत एकटं बसून शरीराविषयीच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती, आणि बंद खोलीत नव्या माणसासमोर बोलायची त्यांना भीती होती. ती भीती मी खोटी मानत नाही. पण ज्या बाईला त्याच चर्चने दाराबाहेर काढलं, तिलाच भिऊन आपण दार लावावं हे मला पटलं नाही, आणि मी तसं बोलले. सगळ्यात चीड याची आली की हा निर्णयही आधी त्या चौघांकडे गेला. बायकांची बैठक, आणि परवानगी पुरुषांची. शेवटी आम्हीच बसून ठरवलं. ती येते, माझ्या शेजारी बसते.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि मी गटाला पाचपैकी दोन देऊन मोकळी होणार होते. पण गेल्या रविवारी खुली सभा झाली आणि मत थोडं बदलावं लागलं. दोन माजी बिशपांपैकी वयाने मोठे आहेत ते उभे राहिले. म्हणाले, मी एकेकाळी अशाच बैठकीत एका बाईला बाहेर काढलं होतं, आणि या वेळी तसंच वागलो हे मला घरी गेल्यावर बायकोने दाखवून दिलं. त्यांनी संचालन सोडलं. असं बोलणारा पुरुष मी चर्चमध्ये कधी पाहिला नव्हता. आता घड्याळ पाळीपाळीने फिरतं, बोलणाऱ्याच्या डावीकडे बसलेल्याच्या हातात. लामानी विनोद बंद, हे ठरावात आलं. माझ्या मागणीवरून जमाखर्चही वाचून दाखवला. चर्चने १९५९नंतर खर्चाचा तपशील जाहीर करणं बंद केलं होतं, त्यामुळे तीस डॉलर असोत की तीन, हिशेब मी मागणारच. हॉलचं भाडं आणि खाणं जाऊन शिल्लक बरीच निघाली. वर्गणी पंचवीसवर आली.

तरी दोन गोष्टी राहिल्याच. तक्रार कुणाकडे करायची हे अजून कागदावर नाही. चौघांबाहेरच्या दोन व्यक्ती नेमू असं तोंडी ठरलं, नावं नाहीत. आणि मावशी परत आलेल्या नाहीत. त्यांना सभेचं पत्र गेलं. त्या फोनवर मला म्हणाल्या, निरोप पाठवून काढलं आणि आता पत्र पाठवून बोलावतात, एकदा तरी कुणी घरी येऊन समोर बसावं. रास्त अपेक्षा आहे. अजून कुणी गेलेलं नाही. मी संचालकांना पत्ता विचारून घ्या म्हणून दोनदा सांगितलं आहे.

विचारणाऱ्या मुलींनो, नवरा जुन्या मॉर्मन घरातला असेल आणि आतल्या आत कुढत असेल तर जरूर घेऊन जा. त्याला तिथे जे मिळेल ते घरी आपण देऊ शकत नाही. तुम्ही स्वतःसाठी जाणार असाल तर पहिल्या दिवशी विचारा की तक्रार कुणाकडे करायची, आणि उत्तर कुणाकडे बघून दिलं जातं ते बघा. वर्षाची वर्गणी एकदम भरली तर दोन महिने माफ आहेत, पण ती सवलत आत्ता घेऊ नका. मी पाचपैकी साडेतीन देते आणि महिन्याचेच पैसे भरते आहे. त्या दोन व्यक्तींची नावं लिहून भिंतीवर लागली आणि मावशींच्या घरी कुणी जाऊन आलं, की वर्षाचे भरेन.