विपश्यना शिबिर आणि ‘अनिच्च’ : दहा दिवसांत नेमके काय मिळते

विपश्यना, म्हणजे शरीरातील संवेदना तटस्थपणे पाहण्याची ध्यानसाधना, शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील दहा दिवसांच्या शिबिराविषयी लिहिताना बहुतेक जण आर्य मौनाचा, पहाटे चारच्या घंटेचा आणि जमा कराव्या लागणाऱ्या मोबाइलचा उल्लेख करतात. या गोष्टी कठीण आहेत यात शंका नाही. पण शिबिराची पारख मला ‘अनिच्च’ या एका पाली शब्दावरून करावीशी वाटते, कारण सगळी आखणी शेवटी त्या शब्दापाशी येऊन पोहोचते.

अनिच्च म्हणजे अनित्य, एवढे समजण्यासाठी कोणी दहा दिवस मांडी घालून बसण्याची गरज नाही. मात्र आपण ‘नाशवंत’ किंवा ‘क्षणभंगुर’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे शेवट असतो आणि हे शब्द बहुधा कीर्तनात किंवा कोणाचे सांत्वन करतानाच ओठांवर येतात. बौद्ध कुटुंबांत अंत्यविधीच्या वेळी ‘अनिच्चा वत सङ्खारा’ ही गाथा म्हटली जात असल्याने अनेकांच्या मनात हा शब्द मृत्यूशीच जोडला गेला आहे. त्याच गाथेत लगेच पुढे ‘उप्पादवयधम्मिनो’ असे पद येते. संस्कार, म्हणजे कारणांमुळे घडून आलेले सारे काही, उत्पन्न होते आणि लयालाही जाते, असा त्याचा अर्थ. शिबिरात शिकवतात तो हा दुहेरी अर्थ, आणि तोही या क्षणी शरीरात काय चालले आहे त्यावर लावून.

पहिले तीन दिवस केवळ आनापान असते, म्हणजे नैसर्गिक श्वासाचे येणे-जाणे पाहणे. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते आणि डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवातील संवेदना तटस्थपणे पाहायची असते. त्यानंतर दिवसातून तीन वेळा तासभर अधिष्ठानाची बैठक होते, ज्यात हात-पाय न हलवण्याचा आणि डोळे न उघडण्याचा निश्चय करायचा असतो. माझ्या मते शिबिराचा खरा कस या बैठकीत लागतो. अर्धा तास उलटला की गुडघ्यात एक घट्ट गोळा बसल्यासारखा वाटतो आणि तो आता हलणारच नाही अशी मनाची खात्री होते. न हलता पाहत राहिले, तर त्या गोळ्यात उष्णता, ताण आणि ठणका असे पदर वेगळे दिसू लागतात; ठणकाही सलग नसतो, तो उठतो, ओसरतो, जरा बाजूला सरकून पुन्हा उठतो. वेदना थांबेलच असे नाही. ‘ही कायमची आहे’ हा त्यावर चढलेला ग्रह मात्र ढिला पडतो, आणि माझ्या दृष्टीने शिबिराची सर्वांत मोठी देणगी हीच आहे.

आठव्या-नवव्या दिवसाच्या सुमारास काहींना सर्वांगातून सूक्ष्म, सुखद तरंग वाहत असल्याचा अनुभव येतो. तोही अनिच्चच आहे आणि त्याचीही आसक्ती नको, हे रोजच्या सायंकालीन प्रवचनांतून बजावले जाते. दुःखावर हा शब्द लावायला आपण लगेच तयार होतो. सुखावर लावणे जड जाते, आणि या बाबतीत शिकवण जराही सवलत देत नाही, याचे मला फार मोल वाटते.

एक सावधगिरी नव्या साधकाने जरूर बाळगावी. सूचनांतून हा शब्द इतक्या वेळा कानावर पडतो की मन नकळत त्याचाच जप सुरू करते. या पद्धतीत कोणत्याही शब्दाचा जप करायचा नसतो, कारण जपाने मन शांत होईल, पण बदल प्रत्यक्ष पाहण्याचे काम मागे पडेल. दुपारी सहायक आचार्यांना शंका विचारण्याची सोय असते. मौन असले तरी तिथे बोलता येते आणि तिचा लाभ संकोच न करता घ्यावा.

शिबिरानंतर या शब्दाचे काय होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. गोयंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि नोकरी सांभाळून साधना शिकवत असत, त्यामुळे अनिच्च हा संसारी माणसाच्या कामाचा शब्द आहे, हे या परंपरेत मुळापासूनच आहे. रागावून उत्तर लिहायला बसावे आणि कानशिलांत चढलेली ऊब लक्षात यावी; ती उतरेपर्यंत थांबले, की बहुधा उत्तराची भाषा बदलते. याच शब्दाचा दुरुपयोगही होतो. शोकात असलेल्या माणसाला ‘सगळे अनित्यच आहे’ असे ऐकवणे मला निष्ठुरपणाचे वाटते, कारण हे पाहणे ज्याचे त्याने स्वतःपुरते करायचे असते. सगळे बदलणारच तर कष्ट कशाला, हा निष्कर्षही टिकत नाही. संस्कार व्ययधर्मी, म्हणजे लयाला जाणारे, आहेत असे सांगतानाच बुद्धांनी अखेरच्या उपदेशात अप्रमादाने, म्हणजे जागरूकपणे, कार्य सिद्धीस नेण्यास सांगितले आहे.

शिकवण्याचे, राहण्याचे किंवा जेवणाचे शुल्क घेतले जात नाही. किमान एक शिबिर पूर्ण केलेल्यांकडूनच दान स्वीकारले जाते. पुढे घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसावे अशी अपेक्षा असते, आणि ते जमणार नसेल तर शिबिराचा परिणाम लवकर विरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर सुचवले जात नाही, म्हणून अर्जात प्रकृतीची माहिती लपवू नये. गुडघ्यांचा किंवा पाठीचा त्रास असल्यास तोही लिहावा. खरी अडचण असणाऱ्यांना खुर्चीवर बसून साधना करता येते.